एंडोस्कोपीतील गुंगी

एंडोस्कोपी म्हणजे दुर्बिणीच्या साहाय्याने शरीरातील पोकळ अवयवांची आतून केलेली तपासणी. ही तपासणी करताना रुग्णाची भीती, अस्वस्थता व वेदना कमी व्हावी म्हणून औषधे देऊन त्याच्या जाणिवेची पातळी तात्पुरती खाली आणली जाते. या अवस्थेस सामान्य व्यवहारात गुंगी व रुग्णालयात सिडेशन असे म्हणतात. त्यासाठी वापरली जाणारी औषधे शामक औषधे म्हणून ओळखली जातात. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अन्ननलिका, जठर व मोठे आतडे यांच्या तपासणीतील गुंगीचा विचार केला आहे.

गुंगी म्हणजे पूर्ण भूल नव्हे. मध्यम गुंगीत रुग्णाचा श्वास स्वतःचा स्वतः चालू असतो, हाक मारल्यास तो प्रतिसाद देतो आणि सांगितल्यास कुशीवर वळतो. तरीही तपासणी संपल्यावर यांपैकी बहुतेक गोष्टी त्याला आठवत नाहीत. जागे असणे आणि आठवणे या दोन गोष्टींची ही फारकत हे या अवस्थेचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण होय. रुग्णांचे व नातेवाइकांचे बहुतेक गैरसमज आणि तपासणीनंतरचे बरेचसे धोके यातूनच उद्भवतात.

शब्दविचार

मराठीत 'भूल देणे' हा शब्दप्रयोग शस्त्रक्रियेच्या संदर्भात सर्वत्र रुळला आहे. 'भूल' या शब्दाला चूक असाही अर्थ आहे, 'भूल पडणे' म्हणजे भान हरपणे आणि 'भुलणे' म्हणजे मोहित होणे. 'गुंगी' या शब्दात मात्र झापड, अर्धवट शुद्ध असा अर्थ आहे. तापात गुंगी येते, खोकल्याच्या औषधानेही येते. डॉक्टर जेव्हा रुग्णाला 'थोडी गुंगी देतो' असे सांगतात तेव्हा ते योग्य शब्द वापरत असतात. ऐकणारा मात्र पुष्कळदा तो 'भूल' असा ऐकतो. मग तपासणीच्या मध्येच आवाज कानी आले की 'मला भूल चढलीच नाही' अशी त्याची समजूत होते. वास्तविक आवाज ऐकू येणे हे मध्यम गुंगीत अपेक्षितच असते.

गुंगीच्या पायऱ्या

अमेरिकन सोसायटी ऑफ अॅनेस्थेसिऑलॉजिस्ट्स या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने १९९९ साली गुंगीच्या चार पायऱ्या निश्चित केल्या आणि त्या आज जगभर प्रमाण मानल्या जातात. पहिल्या पायरीवर रुग्ण केवळ शांत होतो. बोलणे-चालणे नेहमीसारखे असते. दुसरी पायरी मध्यम गुंगीची. येथे हाक मारल्यावर किंवा खांद्याला हलकेच हात लावल्यावर रुग्ण हेतुपूर्वक प्रतिसाद देतो. तिसऱ्या, म्हणजे गाढ गुंगीच्या पायरीवर वारंवार हाक मारावी लागते किंवा चिमटा काढावा लागतो, आणि श्वासमार्ग मोकळा ठेवण्यासाठी मदत लागू शकते. चौथी पायरी पूर्ण भुलीची. तेथे वेदनेनेही जाग येत नाही.

या पायऱ्या जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे सुट्या नाहीत. उतारावरून घसरावे तसा रुग्ण एका अवस्थेतून दुसरीत नकळत जाऊ शकतो. एकाच मात्रेने एखादा धडधाकट तरुण जेमतेम सुस्तावतो, तर सत्तरीतील कृश व्यक्ती गाढ झोपी जाते. म्हणूनच मध्यम गुंगी देणाऱ्याला गाढ गुंगीतील रुग्ण सांभाळता आलाच पाहिजे, असा दंडक याच मार्गदर्शक तत्त्वांत घालून दिला आहे.

औषधे

घशातून दुर्बीण घालण्यापूर्वी लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा घशात मारतात. त्याची चव कडू असते. काही क्षणांत घसा सुजल्यासारखा वाटू लागतो आणि आवंढा गिळता येणार नाही अशी भीती वाटते. प्रत्यक्षात आवंढा गिळता येतो. फक्त त्याची संवेदना होत नाही. जठराच्या साध्या तपासणीसाठी अनेक ठिकाणी केवळ हा फवाराच वापरला जातो.

शिरेतून द्यावयाच्या औषधांत मिडॅझोलॅम हे सर्वाधिक परिचित आहे. ते भीती घालवते, झापड आणते आणि औषध दिल्यानंतरच्या घटनांची स्मृती बनू देत नाही. त्याचा अंमल एक-दोन मिनिटांत दिसू लागतो. पण पूर्ण जोर चढण्यास आणखी काही मिनिटे लागतात. म्हणून ते थोडे थोडे देऊन प्रत्येक वेळी थांबावे लागते. मिडॅझोलॅमने वेदना शमत नाहीत. त्यामुळे मोठ्या आतड्याच्या तपासणीत त्याच्या जोडीला फेंटॅनिल किंवा पेथिडीन यांसारखे वेदनाशामक देतात. दोन्ही औषधे श्वास मंद करतात आणि एकत्र दिल्यास त्यांचा हा परिणाम बेरजेहूनही अधिक होतो.

प्रोपोफॉल हे औषध सोयाबीन तेल व अंड्यातील लेसिथिन यांच्या मिश्रणात असल्यामुळे दुधासारखे पांढरे दिसते. ते शिरेत जाताना हातात जळजळ होते आणि मिनिटभराच्या आत झोप लागते. देणे थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांत रुग्ण जागा होतो व मळमळही सहसा होत नाही. रुग्णाच्या दृष्टीने हा अनुभव सुखद असतो. मात्र गाढ गुंगी व पूर्ण भूल यांतील अंतर या औषधाच्या बाबतीत फारच थोडे असते आणि त्याला उतारा नाही. मिडॅझोलॅमला फ्लुमाझेनिल व फेंटॅनिलला नॅलॉक्सोन हे उतारे आहेत; प्रोपोफॉलचा अंमल अधिक झाल्यास तो ओसरेपर्यंत श्वास व रक्तदाब सांभाळणे हाच उपाय उरतो. भारतात ते सामान्यतः भूलतज्ज्ञ देतात. जर्मनी, स्वित्झर्लंड इत्यादी देशांत खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकाही ते देतात.

पॉप गायक मायकेल जॅक्सन याच्या २००९ मधील मृत्यूमुळे प्रोपोफॉलचे नाव सामान्य लोकांपर्यंत पोहोचले आणि अनेकांना त्याची धास्ती बसली. परंतु तेथे हे औषध झोप येण्यासाठी, घरी, आवश्यक उपकरणांवाचून दिले जात होते. या औषधाबाबत ते कोण देतो आणि देताना रुग्णाकडे कोण लक्ष ठेवतो, यावर बरेच काही अवलंबून असते.

इतिहास

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे अॅडॉल्फ कुसमाउल या वैद्याने १८६८ साली जिवंत माणसाच्या जठरात सरळ, ताठ नळी घालून पाहिले. त्यासाठी त्याने तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाची मदत घेतली. घसा, अन्ननलिका व जठर एका रेषेत आणून ओकारी दाबून धरणे हे ज्याच्या अंगवळणी पडले होते असा माणूस त्या काळी तोच. पुढे १९३२ साली रुडॉल्फ शिंडलर यांनी काहीशी वाकणारी दुर्बीण वापरात आणली. १९५७ साली बॅसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण प्रथम स्वतःच गिळून पाहिली. नळी लवचीक झाल्यामुळे तपासणी सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आली, आणि मग त्याचा त्रासही कमी करण्याची गरज भासू लागली.

डायझेपाम हे औषध १९६३ साली बाजारात आले. ते पाण्यात विरघळत नसल्याने शिरेत टोचताना दुखे व पुढे शीर सुजे. मिडॅझोलॅमने ही अडचण दूर केली. पण ते डायझेपामहून दुप्पट-तिप्पट प्रभावी होते. १९८० च्या दशकात ते अमेरिकेत आले तेव्हा जुन्या सवयीच्या मात्रेने दिले गेल्याने श्वास थांबून काही रुग्ण दगावले आणि औषधाच्या माहितीपत्रकात कडक इशारा घालावा लागला. इंग्लंडच्या दोन विभागांतील जठर-तपासण्यांची एक पाहणी १९९५ साली 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत तपासणीनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे दोन हजारांत एक असे आढळले. शामक औषधाची मोठी मात्रा आणि रुग्णावर देखरेख नसणे यांचा गुंतागुंतीशी निकटचा संबंध असल्याचेही दिसून आले. आज बोटाला चिमटा लावल्याशिवाय गुंगी दिली जात नाही, त्यामागे हे अनुभव आहेत. तो चिमटा म्हणजे रक्तातील प्राणवायू मोजणारा पल्स ऑक्सिमीटर; त्याचे तत्त्व जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधले.

प्रोपोफॉलचा शोध ब्रिटनमधील आय.सी.आय. या कंपनीत जॉन ग्लेन यांच्या गटाने लावला. पहिल्या रूपातील औषधाने तीव्र अॅलर्जी होत असल्याचे दिसल्यावर ते मागे घेऊन नव्या मिश्रणात तयार करावे लागले व १९८६ साली वापरात आले. ग्लेन यांना २०१८ साली लास्कर पुरस्कार मिळाला. भूलतज्ज्ञाशिवाय प्रोपोफॉल देता यावे म्हणून अमेरिकेत २०१३ साली सेडासिस नावाच्या यंत्राला परवानगी मिळाली होती. त्याची विक्री २०१६ साली बंद करण्यात आली.

तपासणीपूर्वी

गुंगीत घसा व स्वरयंत्र यांची राखण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. पोटात अन्न असेल आणि उलटी झाली तर ते फुप्फुसात जाऊ शकते. उपाशी राहण्याची सूचना याच कारणासाठी असते; दुर्बिणीतून स्वच्छ दिसावे हे तिचे दुसरे कारण. हलक्या जेवणानंतर किमान सहा तास, तळलेले वा तुपकट खाल्ले असल्यास आठ तास आणि साधे पाणी प्यायल्यानंतर दोन तास जाऊ द्यावेत, असा सर्वसाधारण नियम आहे. प्रत्येक रुग्णालय आपल्या पद्धतीप्रमाणे यात बदल करते आणि त्या ठिकाणी मिळालेली सूचनाच पाळावयाची असते.

महाराष्ट्रात येथे दोन घोटाळे संभवतात. पहिला चहाचा. चहा हा आपल्याकडे खाण्यात धरला जात नाही. परंतु दूध पोटात गेल्यावर घट्ट होते व अन्नाप्रमाणेच रेंगाळते. त्यामुळे दुधाच्या चहाला पाण्याचा दोन तासांचा नियम लागू नसून सहा तासांचा नियम लागू होतो. दुसरा घोटाळा 'उपवास' या शब्दाचा. 'उपाशीपोटी या' याचा अर्थ उपवासाचे खाऊन या असा होत नाही. शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, केळे, दूध हे सारे उपवासाला चालत असले तरी भूलतज्ज्ञाच्या हिशेबी ते पूर्ण जेवण आहे. एकादशीचा किंवा चतुर्थीचा दिवस असेल तर 'काही खाल्ले का?' या प्रश्नाला 'नाही, उपवास आहे' हे उत्तर पुरेसे नसते.

मोठ्या आतड्याच्या तपासणीत आदल्या दिवसापासून आतडे साफ करणारे औषध बऱ्याच पाण्यातून घ्यावे लागते. अनेक रुग्णांच्या मते संपूर्ण तपासणीतील सर्वांत त्रासाचा भाग हाच, आणि त्यावर गुंगीचा काही उपयोग नसतो.

डॉक्टरांना पुढील गोष्टी न विचारताही सांगाव्यात, असे मानले जाते: पूर्वी भुलीचा झालेला त्रास, औषधांची अॅलर्जी, दमा व हृदयविकार, गरोदरपण, हलणारा दात, रोजची झोपेची गोळी आणि मद्यपान. मद्य नियमित घेणाऱ्याला नेहमीची मात्रा पुरत नाही. हे व्यसन नातेवाइकांसमोर लपवले जाते आणि मग गुंगी का चढत नाही याचे कोडे डॉक्टरांपुढे उभे राहते. मोठ्याने घोरणे हीदेखील सांगण्याजोगी बाब आहे, कारण झोपेत श्वास अडकण्याचा विकार असणाऱ्यांचा श्वासमार्ग गुंगीत सहज बंद होतो. मधुमेहाच्या गोळ्या व इन्शुलिन, तसेच रक्त पातळ करणारी औषधे यांबाबत आधी विचारून घ्यावे लागते. ती मनाने बंद करणे किंवा उपाशीपोटी मनाने घेणे दोन्ही घातक ठरू शकते. सेमाग्लुटाइडसारखी मधुमेहावरील व वजन घटवणारी नवी औषधे जठर उशिरा रिकामे करतात. ती घेणाऱ्याच्या पोटात नियमाप्रमाणे उपाशी राहूनही अन्न सापडू शकते.

कवळी, चष्मा व दागिने काढून ठेवतात. नखांवरील रंग पुसतात, कारण त्यामुळे प्राणवायूची नोंद चुकू शकते.

तपासणीच्या वेळी

हाताच्या शिरेत सुई बसवली जाते. बोटाला चिमटा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा व नाकाशी प्राणवायूची नळी लावतात. गाढ गुंगीत उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्रही वापरले जाते. रुग्णाला डाव्या कुशीवर निजवतात. तोंडातून दुर्बीण जाणार असेल तर दातांत प्लास्टिकचे कडे धरावयास देतात. नळी श्वासमार्गात जात नाही, त्यामुळे श्वास घेण्यास जागा असते. तरी सुरुवातीस गुदमरल्याचा भास होतो. नाकाने संथ श्वास घेत राहिल्यास तो ओसरतो. लाळ गिळण्याचा प्रयत्न न करता ती बाहेर वाहू द्यावयाची असते.

जठराची तपासणी सामान्यतः पाच ते दहा मिनिटांत आटोपते; मोठ्या आतड्याच्या तपासणीस वीस ते चाळीस मिनिटे लागतात. आतडे वळणाचे असल्याने दुर्बीण वळताना आणि आत हवा भरताना पोटात कळ येते. मध्यम गुंगीत रुग्ण कण्हतो, हात झटकतो, कधी 'पुरे' असेही म्हणतो आणि नंतर 'काहीच कळले नाही' असे सांगतो. दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकाला कण्हणे ऐकू आलेले असते, त्यामुळे दोघांच्या सांगण्यात मेळ बसत नाही. दोघेही खरेच सांगत असतात. तथापि आठवणार नाही म्हणून वेदना झाली तरी चालेल, असा अर्थ यातून काढता येत नाही. त्रास असह्य झाल्यास हात वर करण्याची खूण आधीच ठरवून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे व ती चांगली आहे.

गुंगीत मनातील गुपिते बाहेर पडतील अशी धास्ती पुष्कळांना असते. जीभ थोडी सैल होते, एखादा भावुक होतो किंवा असंबद्ध बोलतो, हे खरे. पण या औषधांनी कोणी सत्य वदू लागत नाही. शिवाय तपासणी घशातून चालू असेल तर बोलताच येत नाही. क्वचित, विशेषतः वृद्धांत व मुलांत, मिडॅझोलॅमचा उलटाच परिणाम होऊन रुग्ण चिडतो व आरडाओरडा करतो. औषध उतरल्यावर तो नेहमीसारखा होतो आणि त्याला त्याबद्दल दोष देण्याचे कारण नसते.

शुद्धीवर आल्यानंतर

तपासणीनंतर साधारणपणे अर्धा तास ते दोन तास रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवतात. घशाची बधिरता जाईपर्यंत, म्हणजे सुमारे तासभर, काही खाऊ-पिऊ देत नाहीत. त्यानंतर प्रथम घोटभर पाणी देऊन पाहतात. पोट फुगल्यासारखे वाटते व वायू सरल्यावर बरे वाटते. घसा एक-दोन दिवस खवखवू शकतो. फ्लुमाझेनिल हा उतारा दिलेल्या रुग्णाला अधिक वेळ थांबवून घ्यावे लागते, कारण उताऱ्याचा अंमल मिडॅझोलॅमपूर्वी संपतो आणि गुंगी पुन्हा चढू शकते.

याच काळात डॉक्टर तपासणीचा निष्कर्ष सांगतात. रुग्ण बसलेला असतो, मान डोलावतो, प्रश्नही विचारतो. आणि संध्याकाळी त्यातील अक्षरही त्याला आठवत नाही. 'डॉक्टरांनी मला काही सांगितलेच नाही' ही तक्रार पुष्कळदा अशी जन्म घेते. व्रण आहे, तुकडा काढून तपासणीस पाठवला आहे, अमुक गोळी बंद करावयाची आहे अशा गोष्टी हरवणे परवडणारे नसते. म्हणून निष्कर्ष लेखी घेणे आणि रुग्णाची संमती असल्यास तो सोबतच्या व्यक्तीसमोर सांगितला जाणे आवश्यक ठरते. गंभीर निदान असेल तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावे लागते.

मिडॅझोलॅम किंवा प्रोपोफॉल घेतलेल्या व्यक्तीने पुढील चोवीस तास वाहन चालवू नये, यंत्रावर काम करू नये, मद्य घेऊ नये आणि महत्त्वाच्या कागदपत्रांवर सही करू नये, असे सांगितले जाते. हा नियम अवाजवी वाटण्याचे कारण असे की तासाभरात रुग्णाला अगदी ताजेतवाने वाटू लागते. परंतु ताजेपणाची भावना आधी परतते. लक्ष, निर्णय व हालचालींचा वेग मागाहून. आपण सावध नाही हे कळण्यासाठी जी सावधता लागते तीच या वेळी उणी असते. दुचाकी रुग्णालयाबाहेर उभी करून एकटे येणाऱ्यांस पुष्कळ ठिकाणी गुंगी नाकारली जाते, ती याच कारणाने. सोबतीला प्रौढ व्यक्ती हवी; तिने रुग्णाला घरी पोहोचवावे आणि शक्यतो रात्रभर जवळ राहावे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची येथे अडचण होते व केवळ सोबत नाही म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. अशा वेळी केवळ फवाऱ्यावर जठराची तपासणी करून घेता येईल का, हे विचारण्यासारखे असते.

तीव्र पोटदुखी, रक्ताची उलटी, काळी वा रक्तमिश्रित शौचास, ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही झाल्यास विलंब न लावता रुग्णालयात परत जावे लागते.

गुंगीशिवाय तपासणी

केवळ फवाऱ्यावर जठराची तपासणी करून घेणारी व्यक्ती थोड्याच वेळात उठून कामावर जाऊ शकते. निष्कर्ष तिला स्पष्ट आठवतो. नाकातून जाणाऱ्या बारीक दुर्बिणीने ओकारी कमी येते. मोठ्या आतड्याची तपासणीही नॉर्वेसारख्या देशांत बऱ्याच प्रमाणात गुंगीशिवाय होते, तर अमेरिकेत ती क्वचितच तशी होते. यात वैद्यकीय कारणांपेक्षा त्या त्या देशाच्या प्रथेचा भाग मोठा आहे. ब्रिटनमध्ये नायट्रस ऑक्साइड व प्राणवायू यांचे मिश्रण हुंगण्यास देण्याचाही पर्याय असतो व त्याचा अंमल काही मिनिटांत जातो. पित्तनलिका व स्वादुपिंड यांवरील दुर्बिणीचे उपचार मात्र लांबणारे व नाजूक असल्याने तेथे गाढ गुंगी किंवा पूर्ण भूलच द्यावी लागते.

संमती

संमतीपत्र वाचून त्यावर सही करण्याची वेळ औषध देण्यापूर्वीची असते. सुई टोचल्यानंतर घेतलेली सही निरर्थक ठरते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या एका निकालात या प्रश्नाचा सविस्तर विचार केला आहे. त्या प्रकरणात दुर्बिणीद्वारे केवळ निदानासाठी संमती दिलेल्या प्रौढ स्त्रीवर ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली होती. जिवाला तातडीचा धोका नसताना, शुद्धीवर आल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती ग्राह्य नाही आणि निदानासाठी दिलेली संमती उपचारासाठी दिलेली समजता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तपासणीत गाठ आढळल्यास ती त्याच वेळी काढावी का, तुकडा घ्यावा का, आणि गुंगी न पेलल्यास तपासणी थांबवावी की पूर्ण भूल द्यावी, या प्रश्नांची उत्तरे म्हणून आधीच संमतीपत्रात नोंदवली जातात.